पहिलाच रिसेप्शनचा ड्रेस स्वतः शिवायचाय आणि हातात दोन हजार रुपये: कुठून सुरुवात करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभावाचं रिसेप्शन सात आठवड्यांवर आलंय, दुकानातले आवडलेले गाऊन पाच-सहा हजारांच्या घरात आहेत आणि तुझं बजेट दोन हजार. घरात आजीचं काळं पायमशीन आहे. आजवर उशांचे अभ्रे आणि एक परकर एवढंच शिवलंयस. सोबत जॉर्जेटच्या, कळीदार, मागे खोल गळ्याच्या गाऊनचा फोटो पाठवलायस आणि विचारलंयस, "ताई, मला जमेल का?" मापं दिलीस तेही बरं केलंस: छाती ३६, कंबर ३०.

फोटोतला गाऊन या खेपेला सोड. जॉर्जेट कात्रीखाली सरकतं, टीप मारताना वरचा थर खालच्याच्या पुढे पळतो. कळ्यांच्या कडा तिरक्या म्हणजे उरेब, त्यामुळे शिवून टांगल्यावरही त्या लोंबत राहतात आणि घेर खालून वरखाली दिसायला लागतो. माझ्याकडे सहा-सहा महिने शिकलेल्या मुली जॉर्जेटला कात्री लावताना दोनदा विचार करतात. सॅटिन, मखमल आणि नेटही नकोच. सॅटिनचं मी अनुभवाने सांगते. नणंदेच्या लग्नात घालायला म्हणून मी मोरपिशी सॅटिनचा ड्रेस शिवायला घेतला. छातीवरचा टक्स, म्हणजे उठावासाठी घालतात ती चिमटीची शिवण, चुकला म्हणून उसवला, परत घातला, परत उसवला. टीप निघाली पण सुईची भोकं तशीच राहिली, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या रांगा. सबंध लग्नभर ओढणी छातीशी धरून वावरले. नवशिक्या माणसाला उसवावं लागणारच, तेव्हा उसवणं सहन करील असंच कापड घ्यायचं.

आता कपाट उघड. तुझं नव्हे, आईचं. आपल्याकडे घरोघरी अहेरात आलेल्या पाच-सात साड्या घडीही न मोडता पडलेल्या असतात. कुणी दिल्या तेही आठवत नाही आणि पुढे कुणाला द्यायच्या तेही ठरत नाही. त्यातली एखादी काठाची, कॉटन-सिल्क किंवा जाडसर सेमी-सिल्कची साडी काढ. तुझा ड्रेस त्या साडीत आहे. आईच्या लग्नातला शालू किंवा पैठणी मात्र मागू नकोस. भावनेचा भाग आहेच, पण जुनं रेशीम घड्यांवर विरलेलं असतं. साडी उजेडासमोर धर, घडीची जागा दोन हातांत घेऊन हलकेच ताण. बारीक कर्र असा आवाज आला किंवा धागे विरळ दिसले, तर ती साडी शिवणकामाच्या उपयोगाची नाही. एका संध्याकाळीत कमरेपाशी फाटेल.

घरात काहीच मिळालं नाही तरीही मीटरवर कापड घेण्याआधी साडीचा भाव बघ. साध्या बारीक काठाची मंगळगिरी किंवा कॉटन-सिल्कची साडी साडेपाच मीटरची, वर ब्लाउजपीस, आणि काठ-पदर तयार. तेवढ्याच पोताचं सुटं कापड आणि वर लेस घेतलीस की हिशेब बहुतेक वेळा साडीच्या वरच जातो. तू पुण्यातच आहेस, तर रविवार पेठेत कापडगंजात एक चक्कर मार. अस्तर, फॉल, चेन असल्या वस्तू तुळशीबागेच्या आसपास मिळतील.

साडी घ्यायचं खरं कारण पैशापेक्षा वेगळं आहे. साडी आडवी वापरली की तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, हीच तुझ्या घेराची उंची होते. पन्हा साधारण ४५ इंच, तुला कमरेपासून घोट्यापर्यंत लागणार ४० च्या आसपास. म्हणजे खालचा काठ आपोआप घेराच्या तळाशी येतो आणि तिथे दुमडायचं, हेमिंग करायचं कामच उरत नाही. वरचा साडेचार-पाच इंचांचा पट्टा कापून निघतो, त्यात दुसरा काठ असतो. तो बाह्यांना आणि कमरेच्या पट्टीला वापर. फक्त सरळ काठ कळीच्या गोलाईवर बसत नाही, म्हणून हा घेर कळ्यांचा न करता चपट्या प्लेट्सचा करायचा. त्याला लागतो एक सरळ आयत आणि भरपूर टाचण्या.

प्लेट्सचं गणित सोपं आहे. चपटी प्लेट कापड तीन पदरी करते, म्हणून कमरेच्या तिप्पट कापड. तुझी कंबर ३०, त्यात २ इंच सैलपणा धरून ३२. तिप्पट ९६, दोन्ही टोकांना एकेक इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड), एकूण ९८ इंच, म्हणजे अडीच मीटर. एक इंच दिसणारा, दोन इंच आत जाणारा, अशा ३२ प्लेट्स. पुठ्ठ्याचे दोन तुकडे काप, एक इंचाचा आणि दोन इंचांचा, आणि खडूने एक-दोन, एक-दोन अशा खुणा करत जा. टेपने मोजत बसलीस तर दहाव्या प्लेटला चुकशील. सगळ्या प्लेट्स साडीच्या निऱ्यांसारख्या एकाच दिशेला. टाचण्या लाव, हाताने धावदोरा, म्हणजे लांब कच्चे टाके, घाल, इस्त्री फिरव, मग मोज. ३२ येणार नाही. ३१ येईल किंवा साडेतेहतीस. तो फरक एकाच प्लेटमध्ये मारू नकोस, दिसतो. सात-आठ प्लेट्समध्ये दोराभर, म्हणजे अगदी जरा-जरासा, वाटून टाक.

अडीच मीटर घेरात गेले, तीन उरले, शिवाय ब्लाउजपीस. वरचा भाग म्हणजे बॉडी आणि बाह्या त्यात आरामात बसतात, एखादा तुकडा वाया गेला तरी.

पैशांचं लवकर उरकते. चाचणीच्या बॉडीसाठी मांजरपाट (साधं, कोरं सुती कापड) दोन मीटर, सुती अस्तर दोन मीटर, एक फॉल, १४ इंची चेन, दोन रिळं, सुयांचं पाकीट, मशीनचं तेल, इंटरलॉकची, म्हणजे कडांचे धागे सुटू नयेत म्हणून मारतात त्या टिपेची, मजुरी, आणि तीनशे-चारशेची बरी कात्री. कात्रीसह हजार-बाराशेत बसायला हवं. त्या कात्रीने घरात कुणालाही कागद कापू देऊ नकोस, दुधाची पिशवी तर नाहीच. घेराला वेगळं अस्तर घेऊ नकोस. आतून साडीवरचा परकर घाल, काम तेच होतं. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे सांगते.

आधी मशीन. बरीच वर्षं वापरात नसेल तर सुईखालची पत्री काढ, जुन्या टूथब्रशने आतला धुरळा आणि दोऱ्यांचा भुगा काढ, प्रत्येक तेलाच्या भोकात दोन थेंब टाक आणि चिंधीवर पाच मिनिटं रिकामं चालव. हे न करता मशीनखाली साडी घातलीस तर पहिला डाग तेलाचा पडेल. पट्टा सैल असेल तर पाऊण इंच कापून परत जोडता येतो. सुई नवीन घाल, कॉटन-सिल्कला १४ नंबर, अगदी तलम असेल तर ११. पायमशीन उलटं फिरलं की दोरा तुटतो, तेवढी पायाला सवय होईपर्यंत अभ्र्यांवर सराव कर. नवशिक्यासाठी पायमशीन मोटरपेक्षा चांगलं, असं माझं ठाम मत आहे. मोटर चुकीची टीपही झर्रकन मारून टाकते.

आता खरं काम: बॉडी. ड्रेस घरी शिवलेला वाटतो तो घेरामुळे नाही. गळा पुढे सुटतो, मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापड गोळा होतं, कंबर पोटावर येते, आणि लोक म्हणतात "घरी शिवलाय का?" तुझ्या सात आठवड्यांतले पहिले तीन या एवढ्याशा भागावर खर्च कर आणि तोपर्यंत साडीला कात्री लावू नकोस. आधी चाचणीसाठी मांजरपाटाची बॉडी शिवायची.

मापं दुसऱ्या कुणाकडून घे. स्वतः घेताना आपण वाकतो आणि टेप सरकतो. कमरेला नाडी बांध, दोन्ही बाजूंना थोडी वाक. नाडी जिथे जाऊन बसते ती तुझी कंबर. तिथून खांद्यापर्यंतची उंची दोनदा मोज, एकदा समोरून छातीवरून, एकदा पाठीवरून. समोरची बहुतेक वेळा जास्त भरते. हा फरक न घेता पुढचा-मागचा तुकडा एकाच उंचीचा कापला की ड्रेस समोरून वर उचलल्यासारखा दिसतो. पॅटर्न खाकी कागदावर काढ. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते.

तुझ्या मापाचे आकडे घे. छातीचा चौथा भाग ९, सैलपणाचा अर्धा, शिवणीची माया १, म्हणजे साडेदहा. कमरेचा चौथा भाग साडेसात, सैलपणाचा अर्धा, टक्ससाठी १, माया १, म्हणजे १०. बगलेच्या शिवणीला पूर्ण एक इंच माया ठेवायचीच, ब्लाउजमध्ये असते तशी. घट्ट झालं तर तिथूनच सुटका आहे. खांद्याला आणि गळ्याला अर्धा इंच पुरे.

दोन जागी नव्या मुली हमखास चुकतात. पहिली जागा मुंढा. हात वर केला की सगळा ड्रेस वर येतो, म्हणून त्यांना वाटतं मुंढा लहान झाला, आणि त्या तो आणखी खोल कापतात. मग हात अजिबातच वर जात नाही. कारण उलटं आहे: मुंढा जेवढा बगलेच्या जवळ, तेवढा हात मोकळा. खोल मुंढ्यात बाही कमरेच्या बाजूला जोडली जाते आणि हात उचलताना सगळ्या बॉडीला ओढते. ३६ छातीला सात-साडेसात इंच खोली पुरते. काचतोय असं वाटलं तर पुढच्या बाजूची गोलाई पाव इंच कोर, खोली वाढवू नकोस.

दुसरी जागा गळा. गळा कागदावर काढला तेवढा राहत नाही. माया आत दुमडली जाते, म्हणजे सगळीकडून अर्धा इंच मोठा होतो, शिवाय गोल कड हाताळताना ताणते. म्हणून हवा त्यापेक्षा अर्धा इंच लहान काप, आणि कापल्याबरोबर कडेपासून पाव इंचावर एकेरी टीप मारून ठेव, म्हणजे ताणणार नाही. मागचा खोल गळा या ड्रेसला नको. पुढे-मागे दोन्हीकडे खोल गळा असला की खांदे घसरतात, आणि ते धरून ठेवायला जे काम आतून करावं लागतं ते पहिल्या ड्रेसचं नव्हे. मागे साडेतीन-चार इंच, पुढे सहा. नेकलेस छान दिसतो.

मांजरपाटाची बॉडी मोठ्या टाक्यांनी शिव आणि उलटी करून, म्हणजे शिवणी बाहेर ठेवून, अंगात घाल. आरशासमोर उभी राहा. छातीच्या वर आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथे घट्ट आहे, बगलेची शिवण सोड. गळ्याशी पोकळी दिसली तर खांद्याच्या शिवणीत गळ्याच्या बाजूने चिमूट घे आणि टाचणी लाव. टक्सचं टोक छातीच्या उंचवट्याच्या एक इंच अलीकडे संपलं पाहिजे; तिथवर पोचलं तर चोचीसारखं पुढे येतं. मग खाली बस. मांडी घालून बस, हात पुढे करून ताटातलं वाढून घेतल्यासारखं कर, केसांत गजरा माळतेस तसे दोन्ही हात मागे ने. उभ्याने छान बसणारा ड्रेस या चार हालचालींत बोलायला लागतो.

बजेटमध्ये उरलेले पैसे इथे वापर. घराजवळच्या लेडीज टेलरकडे मांजरपाट घालून जा आणि सरळ सांग: कापड शिवायला देत नाही, फिटिंग बघून टाचण्या लावून द्या, तुमचे शंभर-दोनशे रुपये घ्या. बहुतेक जणी आनंदाने देतात. पंधरा मिनिटांत त्यांना जे दिसतं ते आपल्याला आरशात तासभर दिसत नाही. त्या टाचण्यांवर पेनने खुणा कर, मांजरपाट उसव, इस्त्री कर. आता कागदी पॅटर्न फेकून दे, खरा पॅटर्न हा.

साडीला कात्री लावण्याआधी अस्तर आणि फॉल रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. न भिजवलेलं सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून सुरकुततं. उसवल्याशिवाय त्याला उपाय नाही. आणि बॉडी कापताना साडीवरच्या बुट्ट्या बघ. मोठी कुयरी नेमकी छातीवर येणार नाही ना, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या ड्रेसवर दोन मोर आले होते, दोन्ही अगदी नको तिथे. पुढे काही सांगत नाही.

शिवताना ब्लाउजची पद्धत वापर. टक्स आधी, वरच्या कापडात आणि अस्तरात वेगवेगळे. मग दोन्हींचे खांदे वेगवेगळे जोड. कापड आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळ्याला टीप मार. गोलाईत अर्ध्या-अर्ध्या इंचावर कातरे दे, टिपेच्या दोराभर अलीकडे थांब, उलटव, इस्त्री कर. मग कापड-अस्तराच्या बाकी कडा धावदोऱ्याने एकत्र कर आणि पुढे ते एकच कापड समज. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, पुढची शिवण घालण्याआधी. सेमी-सिल्क असेल तर वर मलमलचा रुमाल ठेव, नाहीतर चकाकी येते.

बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा इंच-सव्वा इंच मोठा असतो आणि असायलाच हवा. माथ्यावर मोठ्या टाक्याच्या दोन ओळी घाल, दोरा हलकेच ओढून ते जास्तीचं कापड चुण्या न दिसू देता जिरव. बाहीच्या पुढच्या-मागच्या बाजूला खडूने खूण कर. दोन डाव्या बाह्या शिवणारी तू पहिली नसशील.

डावी बाजू चेनसाठी उघडी ठेव: मुंढ्याखाली एक इंच शिवायचा, तिथून चेन सुरू, कमरेखाली सात-साडेसात इंचांपर्यंत. लपणाऱ्या चेनचा मोह टाळ, तिला मशीनचा वेगळा पाय लागतो. कंबर जोडून झाली की साधी चेन हाताने धावदोरा घालून बसव, मग टीप.

कंबर जोडण्याआधी एक गोष्ट. या ड्रेसची लांबी खालून कमी करता येत नाही, तिथे काठ आहे. म्हणून रिसेप्शनला घालणार तीच चप्पल पायात घाल, आतून परकर घाल, प्लेट्स घातलेला घेर बॉडीवरून कमरेला इलॅस्टिकने बांध, आणि कुणाला तरी जमिनीवर बसवून काठ सगळीकडे जमिनीपासून सारख्या अंतरावर आहे का ते बघायला लाव. मागे थोडं वर उचललेलं दिसेल. इलॅस्टिकखालून ओढून सारखं कर आणि इलॅस्टिकच्या रेषेवर खडू फिरव. ती खूण म्हणजे तुझी शिवण. वर अर्धा इंच माया ठेवून बाकी काप. जोडताना कमरेपाशी पाच-सहा पदर येतील, तिथे पायडल सोडून दे आणि चाक हाताने फिरव. सुई वाकण्याची भीती इथे सगळ्यात जास्त.

मग काठाच्या आतून फॉल लाव, साडीला लावतो तसाच, हाताने. अडीच मीटरच्या घेराला तो पुरतो आणि खाली जे वजन येतं त्याने प्लेट्स सरळ पडतात. शिवणी इंटरलॉक करायला दुकानात दे. चेन लावून झाल्यावर तिच्या वरच्या टोकाशी आतून एक छोटा हुक आणि दोऱ्याची कडी कर, नाचताना चेन खाली सरकत नाही. ऐन दिवशी पर्समध्ये सुई-दोरा आणि चार सेफ्टी पिना असू देत. तुझ्या ड्रेसला नाही लागल्या तरी त्या मांडवात कुणाची तरी साडी नक्की सुटते.

मांजरपाट शिवून झालं की समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेव, हात खाली सोडून. अडलीस तर ते फोटो पाठव, कुठे चिमूट घ्यायची ते सांगते.